सल्लागाराची वही कोणी पाहायची?

१९९९ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या एका वाहिनीच्या वार्ताहराने टेक्ससचे तेव्हाचे गव्हर्नर आणि अध्यक्षपदाचे इच्छुक उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना चार नावे विचारली: चेचन्या, तैवान, भारत आणि पाकिस्तान इथल्या सत्ताप्रमुखांची. तैवानच्या अध्यक्षांचे ‘ली’ एवढेच नाव त्यांना आठवले. पाकिस्तानच्या बाबतीत ‘जनरल’ म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतलेल्या अटलबिहारी वाजपेयींचे नाव त्यांना सांगताच आले नाही. त्यांनी उलट वार्ताहरालाच मेक्सिकोच्या परराष्ट्रमंत्र्यांचे नाव विचारले. या प्रसंगाची अमेरिकेत भरपूर टिंगल झाली आणि आपल्याकडेही ती बातमी चवीने वाचली गेली. बुश यांच्या बाजूने एकच बचाव पुढे येत असे आणि तो अगदीच पोकळ नव्हता. अध्यक्षाला साऱ्या जगाची नावे पाठ असण्याची गरज नाही, जाणती माणसे त्याच्याजवळ असली म्हणजे झाले, असे त्यांच्या गोटातून सांगितले जाई.

ती जाणती माणसे कोण, हे गुपित नव्हते. कॉन्डोलीझा राइस यांच्या नेतृत्वाखाली पॉल वुल्फोवित्झ, रिचर्ड आर्मिटेज, रिचर्ड पर्ल, रॉबर्ट झोलिक, रॉबर्ट ब्लॅकविल अशी मंडळी जमली होती आणि राइस यांच्या जन्मगावी, अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात, उभ्या असलेल्या लोहारदेवाच्या भव्य पुतळ्यावरून त्यांनी स्वतःला ‘व्हल्कन’ असे नावही घेतले होते. यांपैकी वुल्फोवित्झ, आर्मिटेज, पर्ल आणि झोलिक या चौघांच्या सह्या जानेवारी १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांना लिहिलेल्या एका जाहीर पत्रावर होत्या. सद्दाम हुसेन यांना सत्तेवरून हटवणे हे अमेरिकेच्या धोरणाचे उद्दिष्ट असले पाहिजे, अशी त्या पत्राची स्पष्ट मागणी होती. ऑक्टोबर २००० मधील दुसऱ्या जाहीर वादचर्चेत मात्र उमेदवार बुश सांगत होते की, अमेरिकेने जगात नम्रतेने वागावे आणि दुसऱ्यांची राष्ट्रे घडवण्याच्या फंदात पडू नये. या दोन भूमिकांतले अंतर कापायला अडीच वर्षे लागली. मार्च २००३ मध्ये अमेरिकी सैन्य इराकमध्ये घुसले तेव्हा वुल्फोवित्झ संरक्षण खात्याचे उपमंत्री होते आणि आर्मिटेज परराष्ट्र खात्याचे. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला नसता तर हे युद्ध झाले नसते, असे म्हणता येईल आणि ते बहुधा खरेही असेल. पण हल्ल्यानंतर नजर कोणत्या देशाकडे वळणार, हे तीन वर्षे आधीच सह्यांनिशी लिहून ठेवलेले होते. वाजपेयींचे नाव माहीत आहे का, हा प्रश्न जितका गाजला तितका हा गाजला नाही: तुमच्या गटातील चौघांनी ज्या पत्रावर सही केली आहे त्याच्याशी तुम्ही सहमत आहात का?

माझे म्हणणे या फरकापुरतेच आहे. अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या परराष्ट्रधोरणविषयक सल्लागारांची कसून तपासणी व्हायला हवी, ती मतदानाच्या आधी व्हायला हवी, आणि तिचा विषय त्यांनी पूर्वी काय लिहिले व त्यांना पैसे कोण देते हा असायला हवा. तपासणी अजिबात होत नाही असे नाही. ती होते, पण बहुतेक वेळा जिभेची होते, वहीची होत नाही.

मतदानाच्या आधी असा आग्रह धरण्याचे कारण अमेरिकेच्या राज्ययंत्रणेतच आहे. परराष्ट्रमंत्री किंवा संरक्षणमंत्री म्हणून ज्याची नेमणूक होते त्याला सिनेटच्या समितीपुढे बसावे लागते, उत्पन्नाचे विवरणपत्र द्यावे लागते, जुन्या लेखांवर आणि भाषणांवर उलटतपासणी सोसावी लागते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला मात्र सिनेटची संमती लागत नाही. अध्यक्षाच्या दालनापासून काही पावलांवर बसणारा, रोज सकाळी त्याच्या कानाशी असणारा हा माणूस केवळ अध्यक्षाच्या मर्जीने नेमला जातो. प्रचारमोहिमेतला सल्लागार तर त्याहून मोकळा. उमेदवाराला स्वतःच्या मिळकतीचे विवरण कायद्याने द्यावे लागते, पण त्याला धोरण शिकवणारा माणूस पुष्कळदा बिनपगारी स्वयंसेवक असतो. त्याचा चरितार्थ धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या थिंक टँकवर, सल्लागार कंपनीवर किंवा लॉबिंगच्या, म्हणजे अशिलांसाठी सरकारदरबारी वजन वापरणाऱ्या, पेढीवर चालतो आणि तिथला हिशेब मतदारापुढे ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

याची किंमत भारतीय उपखंडाने मोजलेली आहे. हेन्री किसिंजर हे १९६८ साली मुळात नेल्सन रॉकफेलर यांचे सल्लागार. रॉकफेलर यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, तेव्हा किसिंजर निक्सन यांच्या मोहिमेला उपयोगी पडू लागले आणि व्हिएतनामसंबंधी पॅरिसमध्ये चाललेल्या वाटाघाटींची हवा कशी आहे, याची खबर तिकडे पोहोचवू लागले. निक्सन यांनी आपल्या आठवणींत या मदतीची नोंद केली आहे. जानेवारी १९६९ मध्ये किसिंजर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. सिनेटची मोहोर त्यांच्या नावावर पहिल्यांदा उमटली ती सप्टेंबर १९७३ मध्ये, परराष्ट्रमंत्री झाल्यावर. मधल्या काळात १९७१ येऊन गेले होते. एप्रिल १९७१ मध्ये ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या वीस सहकाऱ्यांनी पूर्व पाकिस्तानातील कत्तलीविषयी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार पाठवली. जुलैत किसिंजर पोट बिघडल्याचे सोंग करून, चीनशी संबंध जोडण्यासाठी, पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेले. डिसेंबरात ‘एंटरप्राइज’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. घरातल्या जुन्या पाकिटांवर ते अजून चिकटलेले सापडते. ज्या माणसाच्या धोरणाचा भार असा कोल्हापूर-नांदेडच्या टपालापर्यंत पोहोचला, त्याच्या नेमणुकीवर अमेरिकेच्याच संसदेने तोवर एकदाही हात वर केला नव्हता.

१९६८ ची दुसरी गोष्ट याहून कडू आहे. अध्यक्ष जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची घोषणा केली, त्यानंतर दोन दिवसांत दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांनी वाटाघाटींना येण्याचे नाकारले आणि ५ नोव्हेंबरला निक्सन सुमारे पाच लाख मतांनी निवडून आले. मोहिमेसाठी निधी जमवणाऱ्या ॲना शेनॉल्ट यांनी दक्षिण व्हिएतनामच्या राजदूतांमार्फत थियू यांना निक्सन निवडून येईपर्यंत धीर धरण्याचे निरोप पाठवले होते, हे जॉन्सन यांना पाळतीच्या अहवालांवरून कळले होते. खासगीत त्यांनी याला देशद्रोह म्हटले, जाहीरपणे मात्र ते काहीच बोलले नाहीत. कागदपत्रे एका पाकिटात बंद झाली आणि ते पाकीट पन्नास वर्षे उघडू नये, अशा सूचनेसह जॉन्सन यांच्या ग्रंथालयात ठेवले गेले. ग्रंथालयाने ते १९९४ मध्ये उघडले. निक्सन यांचे सहकारी हॉल्डमन यांच्या टिपणांतून ‘शेनॉल्ट यांना कामावर ठेवा’ असा उमेदवाराचाच आदेश होता, हे समजायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली. थियू यांनी हे निरोप नसतानाही नकार दिला असता, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पण मतदारापुढे ही माहिती नव्हती, ही गोष्ट त्याने बदलत नाही. परराज्याशी परस्पर वाटाघाटी करणाऱ्या खासगी नागरिकांना रोखण्यासाठी अमेरिकेत १७९९ पासून लोगन कायदा आहे. त्याखाली आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. हे काम कायद्यावर सोपवून स्वस्थ बसता येणार नाही, हे यावरून दिसावे.

आता २००८ च्या निवडणुकीकडे यावे, कारण जीभ आणि वही यांतला फरक तिथे सगळ्यांत लख्ख दिसतो. समंथा पॉवर या बराक ओबामा यांच्या जवळच्या सल्लागार. मार्चमध्ये एका स्कॉटिश वृत्तपत्राशी बोलताना त्यांच्या तोंडून ओबामांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याबद्दल ‘राक्षस’ असा शब्द गेला. हे छापायचे नाही, असे त्यांनी लगेच सांगितले, पण वृत्तपत्राने ते छापले आणि त्याच दिवशी पॉवर यांना मोहीम सोडावी लागली. त्याच सुमारास बीबीसीच्या मुलाखतीत त्या आणखी एक गोष्ट बोलल्या होत्या. सोळा महिन्यांत इराकमधून लढाऊ सैन्य परत आणण्याची ओबामा यांची योजना म्हणजे सारे काही जमून आले तर काय होईल याचा अंदाज आहे आणि उमेदवार असताना आखलेल्या योजनेवर अध्यक्ष झाल्यावर ते विसंबून राहणार नाहीत, असा त्याचा आशय होता. क्लिंटन यांच्या बाजूने या विधानाचा मुद्दा केला गेला, पण ‘राक्षस’ या शब्दापुढे तो टिकला नाही. वास्तविक ओबामा यांची उमेदवारी ज्या प्रश्नावर उभी होती, त्याच प्रश्नावर त्यांची सल्लागार मतदाराला सांगत होती की शब्दाची मुदत लवचीक आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा यांनी जाहीर केलेली तारीख ऑगस्ट २०१० अखेरची, म्हणजे एकोणीस महिन्यांची निघाली. पॉवर खरे बोलल्या होत्या. त्यांना जावे लागले ते मात्र शिवीसाठी, आणि ती शिवी विसरली जाताच त्या परतही आल्या. पुढे त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत झाल्या.

त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांच्या परराष्ट्रधोरणाची सूत्रे रँडी शूनमन यांच्याकडे होती. वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग करणाऱ्या एका छोट्या पेढीत त्यांची भागीदारी होती आणि रशियाशेजारच्या जॉर्जिया या देशाचे सरकार हे त्या पेढीचे जुने अशील होते. मोहिमेच्या कामासाठी शूनमन यांनी स्वतः लॉबिंग थांबवले होते, पेढी मात्र चालू होती. १७ एप्रिल २००८ रोजी मकेन जॉर्जियाचे अध्यक्ष साकाश्विली यांच्याशी दूरध्वनीवर बोलले. त्या संभाषणाची तयारी शूनमन यांनी करून घेतली होती आणि नंतर निघालेले जॉर्जियाच्या पाठिंब्याचे निवेदन तयार करायलाही त्यांचा हातभार होता. त्याच दिवशी त्यांच्या पेढीने जॉर्जियाच्या सरकारशी दोन लाख डॉलरचा नवा करार केला. ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध भडकले आणि ‘आज आपण सारे जॉर्जियन आहोत’ असे मकेन यांनी जाहीर केले. मकेन यांची रशियाविषयीची मते जुनी व प्रामाणिक होती, ती कोणी पैसे देऊन बनवली होती असे मी म्हणणार नाही. पण एकाच दिवशी एका हाताने निवेदन आणि दुसऱ्या हाताने करार, हा योगायोग असला तरी मतदाराला माहीत असायला हवा असा योगायोग आहे. तो माहीत झाला त्याचे कारणही लक्षात घेण्यासारखे आहे. नाझी प्रचाराला आळा घालण्यासाठी १९३८ साली झालेल्या परदेशी हस्तक नोंदणी कायद्यान्वये ती पेढी नोंदलेली होती, करार सरकारदरबारी दाखल होते, आणि वार्ताहरांनी ते जाऊन वाचले. शूनमन यांना मोहीम सोडावी लागली नाही. करारापेक्षा शिवी महाग पडते, हा त्या वर्षीचा हिशेब.

तपासणीचा आग्रह धरणाऱ्याने तिच्या गैरवापराविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर तो सोयीचा आग्रह ठरेल. पश्चिम आशियाचे जाणकार रॉबर्ट मॅली हे ओबामा यांना अनौपचारिक सल्ला देत असत. संघर्ष निवारणाचे काम करणाऱ्या एका संस्थेचे अधिकारी म्हणून ते ‘हमास’च्या लोकांना भेटतात, ही बातमी मे २००८ मध्ये येताच त्यांना मोहिमेपासून दूर व्हावे लागले. संघर्ष समजून घेणाऱ्या माणसाने लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलायचे नाही, तर मग त्याने करायचे तरी काय? (पुढे मॅली यांच्या वाट्याला आणखी वाद आले, त्यांचा या प्रसंगाशी संबंध नाही.) कोणाशी बोलला हा सल्लागाराचा गुन्हा मानू लागलो, तर उमेदवाराभोवती फक्त तीच माणसे उरतील ज्यांनी आयुष्यात कधी शत्रूचे तोंड पाहिलेले नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी २१ मार्च २०१६ रोजी एका वृत्तपत्राच्या संपादक मंडळासमोर आपल्या पाच सल्लागारांची नावे वाचून दाखवली. त्यांत जॉर्ज पापाडोपुलस आणि कार्टर पेज ही फारशी कोणाला ठाऊक नसलेली नावे होती. पापाडोपुलस यांच्या परिचयपत्रात महाविद्यालयीन मुलांच्या लुटुपुटीच्या संयुक्त राष्ट्र संमेलनातील सहभागाची नोंद आहे, हे पत्रकारांनी लगोलग शोधून काढले आणि पुन्हा हसाहशी झाली. असा अननुभवी तरुण या यादीत आला कसा, हे खोदून पाहण्याचे काम त्या हशात मागे पडले. पुढे त्यांनी रशियाशी संबंधित संपर्कांविषयी तपास यंत्रणेशी खोटे बोलल्याची कबुली दिली, चौदा दिवसांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये माफीही मिळाली. पेज यांची गोष्ट उलटी आहे. त्याच तपासात गुप्त न्यायालयाकडून चार वेळा परवानगी घेऊन त्यांच्यावर पाळत ठेवली गेली आणि त्यांच्यावर कसलाही आरोप कधी ठेवला गेला नाही. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१९ मध्ये त्या अर्जांत सतरा गंभीर चुका किंवा वगळणुकी दाखवल्या, आणि एका ईमेलमध्ये फेरफार केल्याचे यंत्रणेच्याच एका वकिलाने न्यायालयात कबूल केले. सल्लागाराची तपासणी पोलिसांनी बंद दाराआड करायची ठरवली की काय होते, याचा हा नमुना. मी जी तपासणी मागतो आहे ती पत्रकारांनी, प्रतिस्पर्ध्यांनी आणि मतदारांनी, उघड कागदांवरून करायची आहे, आणि तिची जास्तीत जास्त शिक्षा म्हणजे उमेदवाराला एका अवघड प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणे.

उघड कागद वेळेवर मिळाले नाहीत तर काय होते, हेही त्याच निवडणुकीने दाखवले. ट्रम्प यांचे सल्लागार, निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल फ्लिन १७ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांच्याबरोबर गुप्तवार्ता विभागाच्या माहिती बैठकीला बसले. त्याच ऑगस्टपासून त्यांची कंपनी एका तुर्की उद्योजकाच्या कंपनीसाठी काम करत होती. त्या कामाचे एकूण मोल पाच लाख तीस हजार डॉलर होते. अमेरिकेत राहणारे तुर्की धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांना तुर्कस्तानच्या हवाली करावे, अशा आशयाचा फ्लिन यांचा लेख प्रसिद्ध झाला तो ८ नोव्हेंबरला, लोक मतदानाच्या रांगेत उभे असताना. या कामाचा मुख्य लाभ तुर्की सरकारला झाला असे मानता येईल, ही कबुली परदेशी हस्तकांच्या नोंदणी कार्यालयात पोहोचली मार्च २०१७ मध्ये. तोवर फ्लिन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होऊन, वेगळ्याच प्रकरणात, पायउतारही झाले होते.

आपल्याकडे अमेरिकी निवडणुकीची बातमी आली की आधी उमेदवाराच्या भोवती भारतीय वंशाचे कोण आहे, हे शोधले जाते, आणि न्यूजर्सी किंवा सॅन होजेच्या आपल्या नातलगांचे लक्ष व्हिसाच्या नियमांकडे असते. दोन्ही स्वाभाविक आहे. पण भारताचा फायदा-तोटा बघायचा तर वंशापेक्षा लेखन अधिक सांगते. ज्या बुश यांना वाजपेयींचे नाव आठवले नाही, त्यांच्या प्रमुख सल्लागार राइस यांनी २००० च्या आरंभी एका परराष्ट्रविषयक नियतकालिकात लिहिले होते की, भारताला पाकिस्तानशी जोडून केवळ काश्मीरपुरते पाहण्याची सवय सोडावी, कारण चीनच्या हिशेबात भारत आहे आणि तो अमेरिकेच्याही हिशेबात असायला हवा. त्यांचे सहकारी ब्लॅकविल पुढच्या वर्षी दिल्लीत राजदूत म्हणून आले, आणि जुलै २००५ मध्ये अणुकराराची घोषणा झाली. ज्याने तो लेख वाचला होता, त्याला बॉस्टनच्या त्या मुलाखतीपेक्षा कितीतरी अधिक कळले होते.

यावर जाणकारांकडून नेहमी एक आक्षेप येतो. इतकी झडती घेतली तर चांगली माणसे मोहिमांत येणार नाहीत, आणि सल्लागार कंपन्यांत काम करणाऱ्यांवर तर अशिलांची नावे गुप्त ठेवण्याचे बंधनच असते. आक्षेपाचा पहिला भाग मला पटत नाही, कारण वॉशिंग्टनमध्ये या जागांसाठी माणसांची कधी वाण पडलेली दिसली नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर अँटनी ब्लिंकन यांच्या उदाहरणात आहे. २०१७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक सल्लागार कंपनी काढली, जिचे लोक लॉबिंग करत नसल्याने नोंदणीचे कायदे तिला लागू होत नव्हते. २०२० च्या संपूर्ण प्रचारात ते जो बायडन यांचे परराष्ट्रधोरणाचे प्रमुख सल्लागार होते आणि कंपनीच्या अशिलांची यादी गोपनीय होती. नोव्हेंबरच्या अखेरीस परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, सिनेटचा नियम आडवा आला, आणि डिसेंबरमध्ये यादी बाहेर पडली: बोईंग, ब्लॅकस्टोन, फेसबुक, उबर आणि इतर. यादीत लाजिरवाणे असे काही नव्हते आणि आभाळही कोसळले नाही. ब्लिंकन जानेवारीत मंत्री झाले. जी नावे डिसेंबरमध्ये एका विवरणपत्रावर लिहिता आली, ती सप्टेंबरमध्ये लिहिता आली नसती, असे सांगणारे कारण मला अजून कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही.